लोडवर ठणठणीत, रिकामा बसला की रिस्टार्ट: ओव्हरक्लॉक केलेल्या पीसीचं व्होल्टेज नेमकं कुठे कमी पडतंय

पीसी ओव्हरक्लॉक केला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवला, की येणारी तक्रार जवळपास नेहमी एकाच साच्यातली असते. प्राइम९५ (सीपीयूला ताण देणारं टेस्ट सॉफ्टवेअर) रात्रभर चालवलं एकही एरर नाही, सिनेबेंच हा बेंचमार्क पण अर्धा तास फिरवला, तापमान ठीक, त्यामुळे माणूस खुश, आणि दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर काहीतरी बघत बसलेला असताना स्क्रीन काळी होते, पंखे एकदा जोरात फिरतात आणि मशीन डायरेक्ट मदरबोर्डाच्या लोगोवर. ब्लू स्क्रीन नाही की मेसेज नाही. ओळखीच्या चार जणांना विचारलं तर चौघंही सांगतात व्होल्टेज वाढव. मग हा कधी एलएलसी (लोडलाइन कॅलिब्रेशन, लोडवर व्होल्टेज किती खाली येऊ द्यायचं ते ठरवणारं सेटिंग) एक पायरी वर करतो, कधी एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागाचं) वाढवतो, कधी रॅमचं, दोन-तीन दिवस बरे जातात, परत तेच, परत थोडं वाढवतो, आणि असं करत करत मशीन ९० डिग्रीला टेकतं, स्कोअर आधीपेक्षा कमी येतो आणि रिस्टार्ट काही थांबत नाहीत.

थांबत नाहीत कारण जिथे व्होल्टेज कमी पडतंय तिथे हा वाढवतच नाहीये. सीपीयूला दिवसभर एकच व्होल्टेज मिळतं हा समज आधी डोक्यातून काढा. रिकामा असताना वेगळं, एकच कोअर जोरात पळतो तेव्हा वेगळं, सगळे कोअर जुंपले की वेगळं, आणि लोड अचानक सुटतो त्या क्षणी अजून वेगळं. म्हणून माझा पहिला प्रश्न व्होल्टेज किती ठेवलंय हा नसतो, मशीन पडतं तेव्हा काय चालू होतं हा असतो. या एका उत्तरावर अर्धं निदान होतं, आणि गंमत म्हणजे हेच कोणी लिहून ठेवत नाही.

उदाहरणाला एएम४ सॉकेटवरचा एएमडीचा रायझेन ७ ५८००एक्स घेतो, नोव्हेंबर २०२० चा प्रोसेसर आहे पण आपल्याकडे अजून भरपूर घरांत चालतोय आणि पीबीओ (प्रोसेसरला ठरलेल्या मर्यादेबाहेर बूस्ट होऊ देणारं सेटिंग), कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक कोअरचं व्होल्टेज वेगळं कमी-जास्त करणारं) वगैरे सगळे खेळ त्याच्यावर होतात. इंटेलचं जिथे वेगळं आहे तिथे सांगतो.

सगळ्यात आधी, आणि हे लोक ऐकत नाहीत, बायॉसमधल्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढा, प्रोफाइल सेव्ह करा आणि सगळं डिफॉल्टला न्या. सगळं म्हणजे एक्सएमपी, रॅमला डब्यावरच्या वेगाने चालवणारं प्रोफाइल, ते पण बंद. "एक्सएमपी तर कंपनीचंच असतं ना" असं म्हणतात, पण ५८००एक्सच्या मेमरी कंट्रोलरची अधिकृत मर्यादा डीडीआर४ ३२०० आहे, ३६०० ची रॅम लावून एक्सएमपी चालू केलं म्हणजे ओव्हरक्लॉकच झालं, फक्त ते एका क्लिकमध्ये झालं म्हणून तसं वाटत नाही. डिफॉल्टवर दोन-चार दिवस रोजच्यासारखं वापरा. तरीही रिस्टार्ट होत असेल तर ओव्हरक्लॉकिंगच्या नादाला लागूच नका, तुमचा प्रॉब्लेम एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय), बोर्ड, रॅमची एखादी खराब स्टिक किंवा घरातली लाइट यापैकी काहीतरी आहे, ते खाली येतंच. डिफॉल्टवर शांत राहिलं तर पुढे चला. आणि हो, महत्त्वाचा डेटा दुसरीकडे कॉपी करून ठेवा, ते आधी, बाकी सगळं नंतर.

आता मशीन कसं मरतं ते बघा, कारण प्रत्येक मरणाची सही वेगळी असते.

पूर्ण बंद पडलं आणि पॉवर बटण दाबूनही उठत नाही, मागचा एसएमपीएसचा स्विच बंद करून थोडं थांबल्यावरच उठतं, तर तो एसएमपीएसच्या प्रोटेक्शनचा खटका आहे, सीपीयूच्या व्होल्टेजशी त्याचा बहुतेक वेळा काही संबंध नाही. क्षणात काळं होऊन आपोआप परत चालू झालं तर सीपीयूने स्वतःच रीसेट मारलाय असा संशय घ्या. ब्लू स्क्रीन आली आणि दर वेळी वेगळाच कोड, एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा पेज फॉल्ट, एकदा आणखी तिसरंच, तर रॅम आणि मेमरी कंट्रोलर. फक्त स्क्रीन जाते, आवाज मागे चालू राहतो, मग डिस्प्ले ड्रायव्हर रिकव्हर झाला असा मेसेज येतो, तर ग्राफिक्स कार्ड, त्याचा ओव्हरक्लॉक आधी काढा. सगळं जागच्या जागी गोठलं, माउस पण हलत नाही, रीसेट दाबल्याशिवाय इलाज नाही, तर कोअर किंवा फॅब्रिक (प्रोसेसरमधले भाग आणि मेमरी जोडणारा मार्ग), दोन्ही शक्य आहे, इथे लॉग बघावाच लागतो.

लॉगसाठी इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्स, मग सिस्टिम. त्यात कर्नेल-पॉवर ४१ दिसेल आणि लोक तिथेच अडकतात, "कर्नेल पॉवर एरर येतोय म्हणजे एसएमपीएस गेला" म्हणून नवीन घेऊन येतात. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट शटडाउन झालं नव्हतं. लाइट गेली तरी ४१, प्लग ओढला तरी ४१, सीपीयूने रीसेट मारला तरी ४१. त्याच्या डिटेल्समध्ये बगचेक कोड, म्हणजे ब्लू स्क्रीनचा नंबर, असतो तो बघा. शून्य असेल तर ब्लू स्क्रीनपर्यंत गाडी गेलीच नाही. २९२ असेल तर व्हिया (डब्ल्यूएचईए, विंडोजची हार्डवेअरच्या चुका नोंदवणारी यंत्रणा) अनकरेक्टेबल एरर, २५७ असेल तर क्लॉक वॉचडॉग टाइमआउट, दोन्ही सीपीयूच्या अस्थिरतेच्या ओळखीच्या खुणा. ब्लू स्क्रीन वाचायच्या आत गायब होत असेल तर सिस्टिम प्रॉपर्टीजच्या स्टार्टअप अँड रिकव्हरीमध्ये जाऊन ऑटोमॅटिकली रिस्टार्टची टिक काढा.

खरा माल आहे व्हिया-लॉगरच्या नोंदींमध्ये. रिस्टार्टनंतर लगेच १८ नंबरची नोंद पडली असेल, त्यात कॅश हायरार्की एरर लिहिलं असेल आणि खाली प्रोसेसर एपिक आयडी (थ्रेडचा नंबर) असेल तर तुमचं काम फार सोपं झालं, कारण कुठला कोअर पडला ते मशीनने स्वतःच सांगितलंय. ५८००एक्सला आठ कोअर आणि सोळा थ्रेड, त्यामुळे एपिक आयडीला दोनने भागा, शिल्लक सोडून द्या. ८ किंवा ९ आला तर कोअर ४, १४ किंवा १५ तर कोअर ७. मोजणी शून्यापासून, काही सॉफ्टवेअर एकपासून मोजतात तेवढं बघून घ्या नाहीतर शेजारच्या कोअरवर उपचार होतील. आणि १९ नंबरच्या नोंदी, त्यातही बस इंटरकनेक्टवाल्या, रांगेने पडत असतील तर गोष्ट वेगळी, त्या दुरुस्त झालेल्या चुका आहेत, मशीन पडत नाही पण फॅब्रिक धापा टाकतंय, त्यावर खाली रॅमच्या भागात बोलू.

आता मूळ तक्रारीकडे, रिकामं असताना किंवा हलक्या कामात रिस्टार्ट. यात सगळ्यात जास्त लोक फसतात.

प्राइम९५ च्या स्मॉल एफएफटी या टेस्टमध्ये आठही कोअर एकदम जुंपलेले असतात, पॉवर लिमिटला, म्हणजे ५८००एक्सच्या बाबतीत स्टॉकला (कंपनीच्या मूळ सेटिंगवर) १४२ वॉटला, गाडी अडते आणि क्लॉक ४.३-४.४ गिगाहर्ट्झच्या आसपास राहतो, व्होल्टेज पण त्या मानाने खाली. तुम्ही रात्रभर तपासलं ते फक्त त्या पट्ट्यातलं. पण क्रोमचा एक टॅब उघडताना एकटा कोअर काही मिलिसेकंदांसाठी ४.८५ ला उडी मारतो, पीबीओमध्ये बूस्ट ओव्हरराइड दिलं असेल तर त्याच्याही वर, आणि तिथे त्याला १.४५ व्होल्टच्या आसपास किंवा थोडं जास्तच लागतं. त्या उंचीवर तुमचं स्ट्रेस टेस्ट कधी गेलंच नव्हतं.

त्यात कोणीतरी कुठल्यातरी व्हिडिओत बघून सगळ्या कोअरना कर्व्ह ऑप्टिमायझर उणे ३० लावलेलं असतं. उणे ३० ही तिथली शेवटची पायरी आहे हो! एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, म्हणजे तीस पायऱ्यांत ९० ते १५० मिलिव्होल्ट कापले. काही कोअर हे आरामात सोसतात, काही नाही. आणि जे सोसत नाहीत ते बहुतेक वेळा तुमचे सगळ्यात चांगले कोअर असतात, हे ऐकायला उलटं वाटतं पण कारण साधं आहे, चांगल्या कोअरला कारखान्यातच कमी व्होल्टेजवर जास्त क्लॉक ठरवून दिलेला असतो, त्यामुळे त्याच्याकडे कापायला शिल्लक कमी, शिवाय विंडोज एकट्या थ्रेडचं काम पण त्यालाच देतं, म्हणजे सर्वात उंच उडी पण त्याचीच. एचडब्ल्यूइन्फो या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कोअरच्या क्लॉकपुढे परफ क्रमांक दिसतो, त्यातले पहिले दोन कोअर कुठले ते लिहून घ्या, संशयित यादीत ते सगळ्यात वर.

या परिस्थितीत एलएलसी वाढवून काही होत नाही, कारण एका कोअरच्या हलक्या कामात करंटच कमी, व्होल्टेज फारसं खाली दबलेलंच नसतं. एसओसी किंवा रॅमच्या व्होल्टेजचा तर इथे संबंधच नाही. व्हीकोअरला (कोअरच्या व्होल्टेजला) सरसकट प्लस ऑफसेट दिला तर पोचतं खरं, पण ते म्हणजे पंगतीत एकटा उपाशी म्हणून सगळ्यांच्या पानात परत भात वाढण्यासारखं, बाकीचे सात कोअर उगाच तापतात आणि पॉवर लिमिट लवकर लागून स्कोअर पडतो.

उपाय म्हणजे कोअरसायकलर, फुकटची पॉवरशेल स्क्रिप्ट आहे, प्राइम९५ एका वेळी एकाच कोअरवर चालवते आणि ठरावीक मिनिटांनी पुढच्या कोअरवर जाते. डिफॉल्टला ती एसएसई मोडमध्ये चालते, मुद्दाम, कारण एव्हीएक्स या दुसऱ्या मोडचं काम जड असतं आणि जड कामात क्लॉक खाली येतो, आपल्याला तर क्लॉक जास्तीत जास्त वर हवाय. रात्री लावून झोपा, सकाळी लॉगमध्ये कुठला कोअर पडला ते दिसेल, कधी "राउंडिंग वॉज ०.५" असा प्राइमचा एरर असेल, कधी मशीनच रिस्टार्ट झालेलं असेल तर लॉगची शेवटची ओळ बघा. पडलेल्या कोअरची किंमत चार-पाच पायऱ्यांनी शून्याकडे आणा, परत लावा. शेवटी आठ कोअरच्या आठ वेगळ्या किमती होतात, एखादा उणे २८, एखादा उणे ७, एखाद्याला प्लसमध्ये पण न्यावं लागतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, चिप तशीच आलीये. सगळ्यांना एकच आकडा लावून मिळणारं समाधान हे फक्त स्क्रीनशॉटपुरतं असतं.

कर्व्ह शून्य केलं, पीबीओ बंद केलं, तरी रिकामं असतानाच पडतंय असं असेल तर बायॉसमध्ये एएमडी सीबीएसखाली पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल नावाचा पर्याय शोधा आणि तो टिपिकल करंट आयडलवर ठेवून बघा. रायझेन झोपला की करंट इतका कमी ओढतो की काही जुन्या एसएमपीएसना ते झेपत नाही. यात रिकामं असताना थोडे वॉट जास्त जातात, बाकी नुकसान नाही. त्याने थांबलं तर प्रॉब्लेम एसएमपीएसचा होता हे पण कळलं.

आता दुसरी बाजू, लोडवर पडणारं मशीन. इथे ओळखायची गोष्ट म्हणजे व्हीड्रूप. बायॉसमध्ये तुम्ही टाकता तो आकडा आणि लोडवर सीपीयूला मिळतो तो आकडा एक नसतो, करंट वाढेल तसं व्होल्टेज ठरवून खाली येऊ दिलं जातं. समजा लोडलाइन (करंटमागे व्होल्टेज किती पडावं याचं प्रमाण) १ मिलिओहम आहे आणि सीपीयू १०० अँपिअर ओढतोय, तर ०.१ व्होल्ट गेलं, म्हणजे १.३५ टाकलं असेल तर १.२५ मिळणार. हा बिघाड नाही, मुद्दाम ठेवलेली गोष्ट आहे. कारण लोड अचानक सुटतो तेव्हा व्हीआरएमच्या (बोर्डावरचं सीपीयूला व्होल्टेज पुरवणारं सर्किट) कॉइलमधला करंट लगेच थांबत नाही, तो कपॅसिटरमध्ये जातो आणि व्होल्टेज क्षणभर वर उसळतं. खाली दबलेल्या व्होल्टेजला उसळायला जागा असते. एलएलसी अगदी कडक करून तुम्ही ती रेघ सपाट केली की लोडवर आकडा छान स्थिर दिसतो पण उसळी थेट तुमच्या ठरवलेल्या व्होल्टेजच्या वर जाते, आणि नंतर परत लोड आला की तेवढीच खोल घसरण. एचडब्ल्यूइन्फो एक-दोन सेकंदांनी एकदा वाचतं, हा सगळा प्रकार मायक्रोसेकंदांतला, त्यामुळे ग्राफवर काहीच दिसणार नाही, फक्त मशीन लोड सुरू होताना किंवा संपताना पडेल. गेमच्या लोडिंग स्क्रीनवर, बेंचमार्क संपल्या संपल्या, रेंडर पूर्ण झाल्यावर. हे लक्षण असेल तर एलएलसी मधल्या पायरीवर आणा आणि लागलं तर मूळ व्होल्टेज किंचित वाढवा, माझा अनुभव तरी असा की मधली पायरी बहुतेक बोर्डांवर पुरते. पायऱ्यांचे आकडे बोर्डानुसार उलटसुलट असतात, काहींमध्ये लेव्हल १ सगळ्यात कडक, काहींमध्ये सगळ्यात ढिली, बायॉसमध्ये शेजारी छोटा ग्राफ दाखवतात तो बघूनच बदला.

वाचन कुठलं धरायचं यावरूनही वाद होतात. एचडब्ल्यूइन्फोमध्ये बोर्डाच्या सेन्सरखाली एक व्हीकोअर असतं आणि एएम४ ला सीपीयूखाली एसव्हीआय२ टीएफएन नावाचं दुसरं असतं. दुसरं धरा. बोर्डाचं वाचन कुठल्या जागेवरून घेतलंय ते बोर्ड बनवणारा ठरवतो, लोडवर दोघांत कित्येक मिलिव्होल्टचा फरक पडू शकतो. सॉफ्टवेअरमध्ये १२ व्होल्टच्या जागी १०.९ किंवा त्याहून भलतंच काही दिसलं म्हणून घाबरून जाऊ नका, खरंच १०.९ असतं तर मशीन चालू होऊन तुम्हाला ते दाखवायला उरलंच नसतं, बहुतेक वेळा गुणकच चुकलेला असतो. आणि एका वेळी एकच मॉनिटरिंग सॉफ्टवेअर चालवा, दोन-तीन एकदम चालू असले की सेन्सरसाठी त्यांचीच आपसात मारामारी होते आणि आकडे वेडेवाकडे येतात.

अजून एक फसवा प्रकार, मशीन पडत नाही, एररही नाही, पण स्कोअर कमी. व्हीकोअरला मोठा उणे ऑफसेट दिला की रायझेन क्लॉक ४.६ दाखवत राहतो आणि आतून पळतो मात्र कमी, याला क्लॉक स्ट्रेचिंग म्हणतात. एचडब्ल्यूइन्फोमधला इफेक्टिव्ह क्लॉक बघा, पूर्ण लोडवर तो दाखवलेल्या क्लॉकच्या बराच खाली असेल तर अंडरव्होल्ट जास्त झालाय.

"स्टॉकलाच १.४८ दिसतंय, प्रोसेसर जळेल का" असं पण विचारतात. हलक्या कामात, ऑटोवर, करंट कमी असताना ते नॉर्मल आहे. पण तोच आकडा हाताने फिक्स करून आठही कोअरवर लोड टाकणं हा वेगळा प्रकार झाला, ते करू नका.

रॅमकडे येऊ. रॅम तपासताना सीपीयू स्टॉकवर, सीपीयू तपासताना रॅम स्टॉकवर, दोन्ही एकदम हलवलं तर आयुष्यभर शोधत बसाल. टेस्टमेम५ किंवा पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ ही रॅमची टेस्ट चालवा, एकही एरर म्हणजे नापास, "फक्त एकच आला" असं काही नसतं. डीडीआर४ चं मूळ व्होल्टेज १.२ आणि एक्सएमपीचं बहुतेक १.३५, काही बोर्ड १.३५ सांगून थोडं कमी-जास्त देतात, त्यामुळे १.३६-१.३७ करून बघायला हरकत नाही. ३६०० ला एफसीएलके (फॅब्रिकचा क्लॉक) १८०० लागतो, तो जवळपास सगळ्या ५८००एक्सना जमतो. ३८०० साठी १९००, तिथे नशिबाचा भाग सुरू होतो, आणि वर म्हटलेल्या १९ नंबरच्या नोंदी तिथेच पडायला लागतात, सोबत आवाजात खरखर, यूएसबी मधेच तुटणं. एसओसी १.० ते १.१ व्होल्टमध्ये ३६०० चं काम होतं, सारखं वाढवत जाऊ नका, व्हीडीडीजी (फॅब्रिकचं व्होल्टेज) नेहमी एसओसीच्या खाली हवं, आणि एका मर्यादेनंतर एसओसी वाढवल्यावर उलट जास्त एरर येतात, हे स्वतः करून बघता येईल. यूएसबी तुटण्यात बायॉसचाही हात असू शकतो, ५०० सिरीज बोर्डांवरची ती तक्रार २०२१ मध्ये एएमडीने मान्य केली होती आणि एजीसा (बायॉसमधला एएमडीचा भाग) १.२.०.२ मधून दुरुस्ती दिली, तेव्हा जुनं बायॉस असेल तर आधी अपडेट.

दोन वेगवेगळे किट घेऊन चार स्टिक लावल्या असतील तर एक्सएमपीची हमी संपली असं धरा, डब्यावरचं नाव सारखं असलं तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात.

आणि उन्हाळा. डिसेंबरमध्ये पास झालेली रॅम एप्रिल-मे मध्ये नापास होते आणि माणूस म्हणतो मी तर काहीच बदललं नाही. जळगाव-अकोल्याकडे बाहेर ४४-४५ असताना खोलीत ३६-३८ सहज असतं, त्यात ग्राफिक्स कार्ड गरम हवा थेट रॅमवर फेकतं. घट्ट टायमिंगवरच्या सॅमसंग बी-डाय (सॅमसंगची एक मेमरी चिप) स्टिक तर ५० डिग्रीच्या आसपास एरर द्यायला लागतात म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यामुळे रॅम टेस्ट चालू असताना ग्राफिक्स कार्डलाही सोबत लोड द्या, आणि एसी बंद ठेवून, दुपारी. एसीत पास झालेली टेस्ट ही एसीपुरतीच पास.

एसएमपीएस. १२ व्होल्टला पाच टक्के वर-खाली चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६, पाच व्होल्टला ४.७५ ते ५.२५. मल्टीमीटर असेल तर मोकळ्या मोलेक्स कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या वायरवर, लोड चालू असताना मोजा, प्रोब घसरून पिवळी-लाल एकत्र येणार नाही एवढं सांभाळा. लोडवर १२.१ चं ११.९ झालं तर काही नाही, ११.५ च्या खाली जायला लागलं तर मात्र विचार करा. मल्टीमीटर रिपल (व्होल्टेजमधली बारीक थरथर) दाखवत नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागतो, घरी शक्य नाही, तेव्हा दुसऱ्याचा चांगला एसएमपीएस एक दिवस उसना आणून लावणं हाच व्यवहारी उपाय. एसएमपीएस उघडू मात्र नका, आतला मोठा कपॅसिटर ४०० व्होल्टच्या आसपास भरलेला असतो आणि प्लग काढल्यावरही लगेच रिकामा होत नाही. गेममध्येच खटका पडून बंद होत असेल तर ग्राफिक्स कार्डच्या क्षणिक उसळ्यांवर संशय घ्या, कार्डाची सरासरी ३२० वॉट असली तरी मिलिसेकंदासाठी बरीच वर जाते, म्हणूनच २०२२ च्या एटीएक्स ३.० मध्ये एसएमपीएसने रेटिंगच्या दुप्पट उसळी १०० मायक्रोसेकंद सोसावी अशी अट आली.

घरच्या लाइटबद्दल आपल्याकडे वेगळंच बघावं लागतं. व्होल्टेज २३० चं १९० झालं तर चांगल्या फुल रेंज एसएमपीएसला काही फरक पडत नाही, त्यासाठी स्टॅबिलायझर घ्यायची गरज नाही. त्रास होतो तो तुटण्याचा. लाइट जाऊन इन्व्हर्टरवर यायला जो वेळ लागतो तो एसएमपीएसला पेलवला पाहिजे, आणि पूर्ण लोडवर त्याचा दम १६-१७ मिलिसेकंदांच्या आसपासच असतो. घरगुती इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक छोटा स्विच असतो, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला इको, नॉर्मल किंवा वाइड असं काहीतरी. तो यूपीएसवर करा. वाइडला पंखे-दिवे चालतात, पण बदलायला वेळ जास्त घेतो आणि पीसी पडतो, त्यातही पीसीवर गेम चालू असेल तर पडतो आणि रिकामा असेल तर वाचतो, मग माणूस म्हणतो लोडवर अनस्टेबल आहे. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाला (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेला) एसएमपीएस यांचंही सगळ्यांचं पटतंच असं नाही. ढिला एक्स्टेंशन बोर्ड हा अजून एक, त्याच बोर्डवर एलईडी बल्ब लावून ठेवा, तो लुकलुकला तर तुमच्या कर्व्ह ऑप्टिमायझरची काही चूक नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही, वायरमनला बोलवा, ते सुरक्षेसाठी, व्हियाच्या नोंदी त्याने जाणार नाहीत.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतला आय७ किंवा आय९ असेल आणि गेम उघडताना "आउट ऑफ व्हिडिओ मेमरी" येत असेल, ग्राफिक्स कार्डात मेमरी भरपूर असतानाही, तर तुमच्या ओव्हरक्लॉकच्या आधी मायक्रोकोड (बायॉससोबत येणारं प्रोसेसरचं अंतर्गत सॉफ्टवेअर) बघा. त्या चिप जास्त व्होल्टेजमुळे कायमच्या कमकुवत होत होत्या, इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी असे मायक्रोकोड दिले आणि बॉक्समधल्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अपडेटने पुढचं नुकसान थांबतं, झालेलं भरून येत नाही, डिफॉल्टवरही पडत असेल तर सरळ वॉरंटीत टाका. रायझेन ७००० वाल्यांनी एसओसी १.३ च्या वर नेऊ नये, २०२३ मध्ये एक्स३डी चिप जळाल्यावर एएमडीने तिथे कुलूपच लावलं, जुन्या बायॉसवर असाल तर आजच अपडेट करा.

सगळं मिटलं, मशीन शांत झालं, की एक काम राहतं ते लोक विसरतात. रॅम चुका करत असताना विंडोजने जे काही डिस्कवर लिहिलं ते पण चुकलेलं असू शकतं, म्हणून अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमधून आधी डिझमचं रिस्टोर हेल्थ आणि मग एसएफसी स्कॅननाऊ (विंडोजच्या फाइल तपासून दुरुस्त करणाऱ्या कमांड) चालवून घ्या, नाहीतर हार्डवेअर ठीक असूनही ब्लू स्क्रीन येत राहील आणि तुम्ही परत व्होल्टेजला हात घालाल. त्या दिवसांत बनवलेल्या झिप फाइल एकदा उघडून बघा, कॅमेऱ्यातून कॉपी केलेले फोटो पण, आणि तोपर्यंत मूळ मेमरी कार्ड फॉरमॅट करू नका.